तारेला ठेवलेला झोळ

सर,

तुम्ही मेलात हे एका अर्थी बरंच झालं. जिवंत असतात तर आज मी तुमच्या दारात उभा राहून भांडलो असतो, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत नेहमीसारखं म्हणाला असतात, "आधी कोण कुठं ओढतंय त्याचे बाण काढ, मग बोल." मला बाण काढायचे नाहीत. मला बोलायचंय, आणि तुम्ही मधे तोंड घालणार नाही एवढीच एक सोय यात आहे. उद्या रविवार. उद्या सकाळी मला निफाडला एका द्राक्षबागेत जायचंय, बागेच्या मालकासमोर उभं राहून "चुकलो" म्हणायचंय आणि त्याच्या मांडवाच्या तारा तो म्हणेल तशा ताठ ओढून द्यायच्यात. नाही गेलो तर दुपारी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार. मी चुकलेलो नाही. तार तशी ओढायची नसते, हे मला तुम्ही शिकवलंय. आणि ती मुलगी तुम्हाला चांगली माहीत आहे, कारण दोराचं दुसरं टोक तिच्या हातात तुम्हीच दिलं होतं. म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच. म्हणून तुमच्यावर एवढा राग.

एफवायचं वर्ष, तुमचा फिजिक्सचा तास, कॉलेज सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही फळ्यावर दोन भिंती काढता, मधे तार काढता, तारेला दिवा टांगता. तार तुम्ही मधे खचलेली काढली होती. मी शेवटच्या बाकावरून ओरडतो, "सर, तार ढिली राहिली. ताठ ओढा की, दिवा वर येईल." तुम्ही वळलात, खडू खिशात टाकला. "किती ओढशील?" मी म्हणालो, "लागेल तेवढी." वर्ग हसला. मला वाटलं माझ्या बाजूनं हसला. "उभा राहा. दंड दाखव." मी दंड दाखवला, लाज वाटली नाही, तेव्हा तालमीत जात होतो. तुम्ही शिपाईकाकांना टाकीवरचा दोर आणायला सांगितला, मागे जिन्याचं बांधकाम चालू होतं तिथली वीट मागवली. दोराच्या मधोमध वीट बांधली. एक टोक माझ्या हातात. मग पहिल्या बाकाकडे बघून म्हणालात, "तू ये गं." ती उठली, ओढणी कमरेला घट्ट बांधली, आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून माझ्यासमोर उभी राहिली. तोपर्यंत तिच्याकडे मी नीट बघितलंही नव्हतं.

"ओढ," तुम्ही म्हणालात. मी ओढला. ती फरशीवरून चपलांसकट घसरत पुढे आली. "ए पैलवान, हळू! मी काय बैलगाडी आहे का?" वर्ग खाली बसून हसत होता. तुम्ही दोन मुलांना तिच्या मागे उभं केलंत. मग आम्ही दोन्हीकडून पाय रोवून ओढलं. वीट वर आली, आली, आणि एका जागी थांबली. विटेच्या वर दोराला बारीकसा बाक होताच. मी दात खाऊन ओढला, तळहात सोलले, बाक गेला नाही. "झाली सरळ?" "होतेय." "होतेय म्हणू नकोस, बघून सांग." "होईल सर." "नाही होणार. कुणाच्या बापाला नाही होणार." मग वीट तशीच लोंबत असताना, आम्ही ओढून धरलेलं असताना तुम्ही शांतपणे शिकवायला लागलात. जगातलं सगळं पुसून टाका, म्हणालात, भिंत पुसा, वर्ग पुसा, हा पैलवान पुसा. फक्त वीट ठेवा. तिला खाली कोण ओढतंय? पृथ्वी. मग वर कोण धरतंय? दोर. पण दोर आडवा असला तर तो आडवाच ओढणार, आडव्या ओढीतून वर नेणारं काहीच निघत नाही. वर धरायचं तर दोराला तिरकं व्हावंच लागतं. जितका कमी तिरका, तितकी ओढ जास्त. अगदी सरळ करायचा म्हणाल तर ओढीला अंतच नाही. दोर तुटेल, भिंत पडेल, पण वजन घेतलेला दोर सरळ होणार नाही. तुम्ही हे सगळं दिव्याबद्दल बोलत होतात आणि माझं लक्ष तिच्याकडे होतं. तिनं दोर मागच्या दोन पोरांवर सोडला होता, स्वतःच्या तळहातांवर फुंकर मारत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. माझं वाटोळं तिथंच झालं.

तास संपल्यावर ती आली. म्हणाली, "सर बरोबर बोलले. पण ओढताना तू चेहरा काय केला होतास रे, मला वाटलं आता वर्गातच पडतोस." मी म्हणालो, मागची दोन पोरं नसती तर सरळ केला असता. ती म्हणाली, "नसता केलास." त्या दिवसापासून आजपर्यंत आमचं हेच चाललंय. मी म्हणतो केलं असतं, ती म्हणते नसतं केलंस.

आता दुसरा राग. हा जुना आहे, आणि हा मी कुणाला धड सांगितलेला नाही. एसवायला मी कॉलेज सोडलं ते तुमच्यासमोर. सकाळी देवळाली कॅम्पातल्या आमच्या दुकानात पप्पांबरोबर ग्रिलं जोडायची, मग बस पकडून कॉलेजला यायचं, पहिले दोन तास हमखास बुडायचे. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देणार नाहीत असं कळलं, मी विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी माझ्या काळ्या नखांकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वेल्डिंगच करायचं होतं तर इथं जागा कशाला अडवलीस?" मी ओळखपत्र गळ्यातून काढलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं. "ठेवा तुमची जागा," म्हणालो. तुम्ही खिडकीपाशी उभे होतात. तुम्ही चष्मा पुसत होतात. त्यांना एक शब्द बोलला नाहीत, मला एक शब्द बोलला नाहीत. चष्मा किती पुसायचा माणसानं?

आणि मग तुम्ही आमच्या दुकानी आलात. आठवतं? तुमची ती पोपटी स्कूटर मला चौकातल्या वळणावरच दिसली. सांगतो ते ऐका. मी हातातलं काम टाकलं, मागे जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, आणि शर्ट बदलला. लांबून लष्कराच्या रेंजवरच्या तोफांचे आवाज येत होते, पत्रे हलत होते, आणि मी पत्र्याच्या आडोशामागे धुतलेला शर्ट घालून उभा होतो. पप्पांनी तुम्हाला स्टूल दिलं, समोरून चहा मागवला. पप्पा म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा त्याला. आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकेल." मी आडोशामागे तयार होतो. तुम्ही म्हणालात, "नका ओढू त्याला. सोडा. जितकं ओढाल तितकं तुटेल ते. यायचं तेव्हा येईल." पप्पांनी विचारलं, "आणि नाही आला तर?" तुम्ही चहा संपवलात. कप खाली ठेवल्याचा आवाज मला आला. "नाही आला तर नाही आला."

हे काय बोलणं झालं, सर? आई रडत होती, मामा शिव्या देत होता, ती फोनवर फोन करत होती, सगळे आपापल्या परीनं ओढत होते आणि मी सगळ्यांना झिडकारत होतो, कारण मी तुमची वाट बघत होतो. तुम्ही एकदा आत वाकून "चल रे" म्हणाला असतात तर त्याच शर्टावर तुमच्या स्कूटरवर मागे बसलो असतो. पण तुम्ही मला त्या विटेसारखं केलंत. सगळं पुसलंत. मी एकोणीस वर्षांचा आहे हे पुसलंत, मला कुणीतरी न्यायला यावं असं वाटत असेल हे पुसलंत, आणि उरलेल्या ठोकळ्याला किती ताण सोसेल याचा हिशोब करून निघून गेलात. पप्पांनी त्या दिवसापासून मला कॉलेजचं विचारलं नाही. सरच सोडा म्हणाले, मग मी कोण, असं त्यांना वाटलं असणार. आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. वर्गाच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, खाली हात जोडलेली चित्रं. मी अमरधामला आलो होतो. कामाच्या कपड्यांत आलो होतो, मुद्दाम. तुम्हाला विचारायचं होतं आणि तुम्ही झोपून होतात. तेव्हाही काही बोलला नाहीत.

असो. नंतर मी लोखंडाचंच काम धरलं, पण ग्रिलं सोडून बागांचं. द्राक्षाचे वेल ज्यावर चढवतात तो लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव उभा करायचा, जुना झाला की तारा बदलायच्या. निफाडपासून पिंपळगावपर्यंत मला आता लोक ओळखतात. तिनं मात्र सगळं पुरं केलं, एमएस्सी केलं, गंगापूर रोडला एका क्लासमध्ये तीच फिजिक्स शिकवते. तुमचाच धडा शिकवते, मुलांना दोर ओढायला लावते, फक्त विटेऐवजी दप्तर बांधते. तिच्या हाताला खडू आणि माझ्या हाताला गंज, असं आम्ही क्लासच्या खाली तिच्या गाडीपाशी उभं राहून इतकी वर्षं बोलत आलोय. या उन्हाळ्यात तिनं घरी सांगितलं. तिचे वडील, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांची निफाडला बाग आहे. मला वाटलं होतं ते आधी शिव्या देतील, मग कॉलेज का सोडलं विचारतील. त्यांनी ते काहीच केलं नाही. म्हणाले, "पोरगा तारेचं काम करतो म्हन्ती ना? मंग माझ्या बागेच्या तारा बदलून दे म्हणा. माणूस कामावर कळतो." तिकडे जावई असाच बघतात, सर. पत्रिका नंतर. आधी कामाला लावायचं आणि बांधावर उभं राहून बघायचं.

मी जीव ओतून काम केलं. खरड छाटणी झालेली होती, वेल बोडके, नुकते हिरवे कोंब फुटत होते, ऊन असं की अँगलला हात लावला तर चटका. जुन्या तारा काढल्या, टोकांचे अँगल पुन्हा उभे केले, त्यांना मागे ओढून धरणारे दगड खोल पुरले, नव्या तारा टाकल्या. अप्पा टोपी सावरत यायचे, बघून जायचे, ती घरून डबा पाठवायची, डब्यात माझ्या आवडीची भाजी असायची, मला वाटलं झालं माझं काम. या मंगळवारी तार ताणायचं यंत्र लावून शेवटची ओळ ओढत होतो. अप्पा ओळीच्या टोकाला खाली बसले, एक डोळा मिटला, बंदुकीनं नेम धरावा तसं तारेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"झोळ हे रे तारेला."

"थोडा ठेवलाय अप्पा. लागतो."

"कशाला लागतो?"

मी चांगल्या आवाजात सांगितलं, शप्पथ. म्हणालो, आत्ता मे महिना आहे, उन्हानं तार लांबलेली आहे. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगू, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेव्हा हीच तार आखडणार. आणि नेमके तेव्हाच घड भरलेले असणार, सगळं वजन तारेवर. आत्ता ताठ ओढली तर तेव्हा तारेला खाली यायला जागाच नाही. टोकाचा अँगल उपटेल, दगडासकट.

"आरं, मी काय काल बाग लावली का? शेजारची बाग बघ जरा. फूटपट्टीनं आखल्यावानी हे. माल घ्यायला येणारा व्यापारी पहिले तार बघतो, मंग घड. झोळ दिसला का भाव पाडून मागतो. वाजली पाह्यजे तार, टण्‌ करून. ओढ."

"अप्पा, नाय ओढता येणार."

"नाय येत का नाय ओढायची?"

आणि इथं सर, इथं तुमचा हात आहे. माणूस चिडलेला, त्याची मुलगी मला हवी, कामाला आलेल्या बायका खुरपी थांबवून बघतायत. अशा वेळी शहाणा माणूस तार ओढून मोकळा होतो. मी काय केलं? मी एक वाळकी काडी उचलली, खाली बसलो आणि मातीत बाण काढले. घडांचं वजन खाली, एक बाण. तारेची ओढ इकडे तिरकी, एक बाण, तिकडे एक. म्हणालो, "हे बघा अप्पा, फक्त हा एक घड बघा, बाकी सगळं पुसा." हुबेहूब तुमच्यासारखं. अप्पा दोन पावलं पुढे आले आणि चपलेनं माझे बाण पुसले. म्हणाले, "कॉलेज कोणी सोडलं, तू का मी?" एका बाईला हसू आलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अप्पा, तुम्हाला बाग पाहिजे का फोटो?"

"ते यंत्र खाली ठेव," अप्पा म्हणाले, अगदी हळू आवाजात. "आन्‌ निघ."

निघालो. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं ते मला तिच्याकडून कळलं. रविवारी सकाळी येऊन सगळ्यांसमोर चुकलो म्हणायचं, तारा ताठ करून द्यायच्या, मग ते पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवतील. नाहीतर पोहे करायला घ्या.

बुधवारी मी तिच्या क्लासखाली जाऊन उभा राहिलो. ती उतरली, बाहीला खडू, चेहरा थकलेला. म्हणाली, "अप्पांनी काल पहिली ओळ स्वतःच ओढली. ताठ झाली. आणि काही झालं नाही. आता सगळ्या गल्लीला बोलावून दाखवतायत, पोरगा कसा खोटं बोलत होता."

"आत्ता कसं होईल! वजनच नाही त्यावर!"

"ओरडू नकोस, वॉचमन बघतोय. मला शिकवतोस? आज सकाळच्या बॅचला हेच शिकवून आले मी."

"मग त्यांना सांग ना!"

"सांगितलं. म्हणाले, तुला पगार देतात ना शिकवायचा, तिथं शिकव."

"मग मी काय करू?"

"चुकलो म्हण."

"मी चुकलो नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे आणि तरी?"

तिनं गाडीची किल्ली पर्समध्ये शोधली, सापडली तरी शोधत राहिली. "तुला लग्न करायचंय का पेपर तपासायचाय?" म्हणाली. मी काहीतरी घाण बोललो, अप्पांबद्दल, आणि आलो निघून. तिच्याबद्दल बोललो नाही, तेवढी अक्कल राहिली. बघा ना सर, तिला सगळं येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. कोन सांगा, ती तोंडी ताण सांगेल. अप्पा आणि मी, आम्हा दोघांच्या मधे ती आहे हेही तिला दिसतं. आणि ती मला म्हणते, खोटं बोल. अप्पांनी म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तिनं म्हटलं. आणि खरं सांगू, मला हेही कळत होतं की ती खोटं बोल म्हणत नाहीये, ये म्हणतेय. कळत होतं म्हणून जास्त राग आला.

त्यानंतरचे दिवस मी कामाला गेलो नाही. दुकानात बसून पप्पांवर खेकसलो. आज दुपारी लाइट गेले, वेल्डिंग बंद, म्हणून वही घेतली आणि तुम्हाला लिहायला बसलो. अर्धं लिहून झालं आणि तिचा फोन आला. तिनं नमस्कार चमत्कार काही केला नाही.

"अप्पांना तार सरळ हवीय का सरळ दिसायला हवीय?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोकं वापर. ओढ तेवढीच ठेव, तुझी, झोळ ठेवून. दोन अँगलच्या मधे एकेक बारका टेकू दे खालून. अंतर अर्धं झालं की झोळ किती राहतो?"

मी वहीच्या कडेला तार काढायला लागलो.

"सांग ना. चौथाई. बांधावर बसून एक डोळा मिटून बघितलं तरी दिसणार नाही. घड आले तरी पडणार नाही. थंडी आली तरी पडणार नाही. अप्पांनी ओढलेली पहिली ओळ तेवढी गपचूप ढिली कर."

"हे तू मला बुधवारीच का नाही सांगितलंस?"

"बुधवारी तू ओरडत होतास."

मला हसू आलं, मी ते दाबलं. विचारलं, "आणि चुकलो म्हणायचं त्याचं काय?"

"ते म्हणायचंच. फोटो म्हणालास ना त्यांना, त्याबद्दल म्हण. तारेबद्दल नको म्हणूस."

"आणि टेकू बघून भडकले तर? नाहीच ऐकलं तर?"

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "तर पाहुणे येतील, बसतील आणि जातील. मी बाहेर येणार नाही. आईला सांगून ठेवलंय. पण तू ये. नऊच्या आत ये, ते पूजेला बसायच्या आधी."

फोन ठेवला आणि पुन्हा तुमच्यावरच चिडलो. तुमच्या फळ्यावर कायम दोनच टोकं असायची, सर. दोन भिंती, मधे दिवा, आणि ओढाओढ. तार किती खचेल, किती ताण येईल, कधी तुटेल, एवढंच. मधे एखादा टेकू द्यावा आणि बिचाऱ्या दोन टोकांचा जीव हलका करावा असं गणित तुम्ही आम्हाला एकदाही घातलं नाहीत. सोप्या गणितात टेकू बसत नाही, मला माहीत आहे, ती म्हणाली असती ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे. पण पुढच्या वर्षी मी नव्हतो ना तिथं. आणि माझ्या बाबतीत तरी तुम्हाला दोनच गोष्टी कशा सुचल्या, ओढणं नाहीतर सोडणं? येत राहायचं होतं अधूनमधून. दुकानी बसायचं, अर्धा कप चहा प्यायचा, कॉलेजचा विषयही काढायचा नाही. मी कदाचित गेलो नसतोच परत. पण तुमच्यावर रागावून तरी राहिलो नसतो. की तुम्ही येणार होतात आणि राहून गेलं? हे आत्ता लिहिताना पहिल्यांदाच डोक्यात आलं. त्या हिवाळ्यात तुमची तब्येत कशी होती ते मला माहीत नाही. कुणाला विचारलं नाही मी.

लाइट आले. पप्पांनी न विचारता कटर लावलाय. मघाशी मी फोनवर बोलत होतो ते त्यांनी ऐकलं असावं, कारण जुन्या अँगलचे तुकडे ओढून काढले आणि एवढंच म्हणाले, "लांबी किती धरू?" मी सांगितली. शेजारच्याचा छोटा हत्ती टेम्पो सकाळसाठी सांगून ठेवलाय. शर्ट इस्त्रीला दिलाय. उद्या तो घालून अँगल उतरवायचे, म्हणजे दहा मिनिटांत गंजाचे डाग पडणार, पण ती म्हणाली घाल.

हे पत्र कुठं टाकू? टाकायला जागा असती तरी टाकलं नसतं, कारण आता जे लिहितोय ते मला कुणी वाचलेलं नकोय. मंगळवारपासून मी ती बाग पाडतोय, सर. डोळे मिटले की माघातली सकाळ होते, धुकं असतं, घड टपोरे भरलेले असतात, आणि टोकाचा अँगल दगडासकट उपटून सगळी ओळ मातीत बसते, तिच्यामागे दुसरी, तिसरी. अप्पा डोक्याची टोपी हातात घेऊन बांधावर उभे. मी तिथं असतो, नुसता बघतो. आणि मला ते बघायला आवडतं. हाताशी काम नसलं की मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. तिचा फोन आल्यावरही एकदा पाडून झाली. उद्या मी त्याच बागेला टेकू द्यायला चाललोय, मनापासून चाललोय, आणि तरीही. तिला हे सांगता येणार नाही, ती त्या घरातली आहे. पप्पांना सांगितलं तर ते कटर बंद करून माझ्याकडे बघत बसतील. जिवंत माणसाला सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. म्हणून तुम्ही.